कोंढ्याचा गाळ आणि जहाजावरची एकच जागा

खरं सांगायचं तर ही सहल मी ठरवली ती मैथिलीला हरवायला. निसर्गाच्या ओढीने पाय आपोआप निघाले वगैरे लिहावं, असं मलाही कळतं. पण हा ब्लॉग नेहमी वाचणारी तुम्ही मंडळी मला ओळखता, आणि जळकेपणा लपवणं मला आजवर जमलेलं नाही. तेव्हा तळी, धान आणि वांग्याचं भरीत यासाठी आला असाल तर ते सगळं पुढे आहे. मध्ये मध्ये माझा जळफळाट सोसून घ्या.

मी मूळची कोंढ्याची, तालुका पवनी, जिल्हा भंडारा. सध्या पुण्यात संशोधन करते. विषय ऐकून आमच्या गावात लोक हसतात: ध्रुवाजवळच्या समुद्रांच्या तळाचा चिखल. तिथल्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव जगतात, मरतात, आणि त्यांचे सांगाडे तळाशी थरावर थर साचत जातात. पाइप खुपसून तो गाळ उभाच्या उभा वर काढला, की वरचा थर आजचा आणि खालचा हजारो वर्षांपूर्वीचा. बर्फ कधी होता, कधी वितळला, पाणी कधी तापलं, ते त्यात वाचता येतं. अशा उभ्या काढलेल्या गाळाला आम्ही कोअर म्हणतो.

मैथिली माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. पुण्याची, आई-वडील दोघंही प्राध्यापक. दोन वर्षांपूर्वी उत्तर ध्रुवाकडच्या एका बेटावर नव्या संशोधकांचं प्रशिक्षण होतं. आम्ही दोघींनी अर्ज केला, ती गेली. येताना एक लालभडक जाकीट घेऊन आली, बर्फातलं, पाठीवर अस्वल छापलेलं. तेव्हापासून बाई प्रयोगशाळेच्या एसीतही ते घालून बसते. मी दोन वर्षं ते अस्वल पाहतेय.

या वर्षी दक्षिणेच्या बर्फाळ समुद्रात जाणाऱ्या जहाजावर आमच्या गटाला एक जागा मिळाली. एकच. या जागा नव्या लोकांसाठी असतात, आणि माझं 'नवेपण' पुढच्या वर्षी संपतं. म्हणजे ही शेवटची संधी. आमच्या मॅडम अनेकदा त्या समुद्रात जाऊन आल्यात, बोलतात कमी. त्या म्हणाल्या, "जहाजावरचा एकेक तास महाग असतो, शिकायचं ते इथेच शिका. चार दिवस शांत पाण्यात हाताने कोअर काढू, मग ठरवू कोण जाणार." शांत पाणी कुठे आहे, असा प्रश्न निघाला आणि मी हात वर केला. "कोंढ्याला चला. आमच्या गावाशेजारी तळं आहे, राहायला घर आहे, डोंगा आहे." म्हटलं, माझं गाव, माझं पाणी, माझी माणसं. तिथे ही पुणेकरीण काय करते बघू!

पहिला दिवस: वरठी ते कोंढा

जाणाऱ्यांसाठी सांगते: पुण्याहून गोंदियाकडे जाणारी गाडी पकडा, नागपूरला उतरून धावपळ करू नका. भंडारा रोड स्टेशन भंडाऱ्यात नाही, वरठीला आहे, हे नवख्याला माहीत नसतं. बाहेर पडलात की पोलाद कारखान्याकडे जाणाऱ्या मोटारसायकली आणि सायकलींची रांग लागलेली असते, रस्ता ओलांडताना सांभाळून. स्टेशनजवळच तर्री पोहे, म्हणजे वर झणझणीत रस्सा ओतलेले पोहे मिळतात, ते चुकवू नका.

मी मैथिलीला मुद्दाम ते खायला घातले. डोळ्यांत पाणी येईल, नाक लाल होईल, जरा गंमत होईल असा माझा बेत होता. तिने पहिला घास खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि हॉटेलवाल्याला म्हणाली, "दादा, अजून तर्री मिळेल?"

"घ्या न ताई, कितीबी घ्या," तो खूश होऊन म्हणाला, आणि मला मात्र विचारलंसुद्धा नाही. माझीच मिरची मला झोंबली.

तिथून आम्ही सहा विद्यार्थी आणि मॅडम दोन बोलेरोंमध्ये बसून निघालो. भाडं आधीच बोलून घ्या, परतीचं धरून. भंडाऱ्यातून पवनीचा रस्ता धरायचा, अड्याळच्या पुढे कोंढा. नोव्हेंबरात इथे धानाची कापणी चालू असते. बांध्यांत (धानाच्या खाचरांत) कापलेल्या पिकाच्या ओळी पसरलेल्या, मधूनच एखादी बोडी, म्हणजे शेताला पाणी देणारं लहानसं तळं, आणि त्यात बगळे. पहाटे चांगलीच थंडी पडते, शाल ठेवा. मैथिलीकडे अर्थातच जाकीट होतं.

दारात मोठी आई उभी होती. माझ्या वडिलांची थोरली भावजय, माझं सगळं बालपण हिच्या हाताखाली गेलेलं. मी वाकले, तिने डोक्यावर हात ठेवला आणि नजर मात्र माझ्या खांद्यावरून मागे.

"अवं बाप्पा, हे लाल लाल काय घालून आली ही पोट्टी? अस्वल हाय का वं मांगं?"

"बर्फातलं आहे, मोठी आई. हात लावून बघा ना, किती मऊ आहे," मैथिली म्हणाली. हिने 'मोठी आई' म्हणायला घेतलं कधी?

अर्ध्या तासाने मी चुलीपाशी गेले तर मोठी आई ते जाकीट अंगात घालून लाखोळीच्या डाळीचे वडे तळत होती, आणि मैथिली तिचे फोटो काढत होती. दोघी खिदळत होत्या. आपलेच दात, आपलेच ओठ, सांगणार कुणाला?

"तू काहून तोंड फुगवून बसली?" मोठ्या आईने विचारलं.

"भूक लागली," मी म्हटलं.

दुसरा दिवस: तळ्यावर

आमचं तळं तुम्ही पाहायला गेलात तर सकाळी जा. एका बाजूला मातीच्या बांधाची पाळ, तिच्यावर मोहाची झाडं, पलीकडे धान. पाणी नोव्हेंबरात भरपूर असतं. शालिकभाऊ तिथे मासेमारी करतात. त्यांनी दोन डोंगे, म्हणजे लाकडी होड्या, शेजारी शेजारी आणून वर फळ्या बांधल्या, आमचं जहाज तयार!

"ताई, डोंगा हालन, तुमी हालू नोका," त्यांनी सगळ्यांना बजावलं.

काम दोघादोघांचं. एक जण डोंग्यावरून पाइप गाळात दाबतो आणि मग ओढतो. दुसरा छातीभर पाण्यात उभा राहतो. पाइपचं खालचं तोंड गाळातून सुटलं, की त्याने पाण्याखालीच तिथे तळहात लावायचा आणि काळं झाकण बसेपर्यंत हलवायचा नाही. हात निसटला तर सगळा गाळ तळ्यात परत. मग वरचं झाकण. आणि त्यानंतर, घाम पुसायच्या, हसायच्या, फोटो काढायच्याही आधी, पाइपवर मार्करने बाण काढायचा, वरच्या टोकाकडे.

"आधी बाण, मग बाकी," मॅडम म्हणाल्या. "पाइप आडवा झाला की वर-खाली कुणालाच कळत नाही. आणि उलटा कापला तर आजचं तुम्ही हजारो वर्षांपूर्वीचं म्हणून छापाल."

पाइप म्हणजे हार्डवेअरच्या दुकानातला साधा करडा नळाचा पाइप, आतलं काही दिसत नाही. दोन्हीकडची झाकणं सारखी. त्यामुळे बाण हाच सगळा आधार.

जोड्या चिठ्ठ्यांनी पाडल्या. माझी चिठ्ठी कुणाबरोबर निघाली हे मी सांगायला हवं का? मैथिली ओढणार, मी पाण्यात, आणि बाण माझ्याकडे.

पाण्यात मी तिच्यापेक्षा वरचढ होते, हे मी अभिमानाने सांगते. याच तळ्यात मी पोहायला शिकलेय, गाळात पाय कसा रोवायचा ते मला कुणी शिकवायला नको. दिवसभरात आमचे तीन कोअर उत्तम निघाले, तिन्हींवर बाण. मॅडमनी मान हलवली. मी मनातल्या मनात जहाजावर चढले, बॅगसुद्धा भरली.

तिसरा दिवस: पवनी आणि गोसीखुर्द

पाइप सावलीत उभे ठेवून आम्ही एक दिवस फिरलो. पवनीला जुन्या गावाचा दरवाजा आणि वैनगंगेचे घाट बघा, घाटावर निवांत बसा, कुणी उठवत नाही. तिथून गोसीखुर्दचं धरण जवळ आहे. दुपारचं ऊन नोव्हेंबरातही लागतं, टोपी आणि पाणी बरोबर हवं. मासे घ्यायचे तर सकाळी लवकर पोचा, उशिरा गेलात तर उरलेसुरलेच मिळतात. आम्हाला उरलेसुरलेच मिळाले आणि तेही झकास होते.

धरणाच्या पाण्याकडे तोंड करून एक म्हातारबुवा बसले होते. मी त्यांच्या बाजूने निघून गेले, कारण असे बुवा मी लहानपणापासून पाहिलेत. मैथिली मात्र जाऊन त्यांच्याशेजारी बसली.

"बाबा, काय बघताय?"

"आमचं गाव," ते म्हणाले. "तिथं, त्या पान्याखाली. आमाले इकडं नवीन वस्तीत आनलं. तिथं आमच्या आंगनात जांबाचं झाड होतं."

"आता त्या अंगणावर गाळ बसला असेल ना, बाबा?"

"बसला असन. मले कोन विचारते?"

मग ते तिला अर्धा तास सांगत बसले. मारुतीचं देऊळ कुठे होतं, पोळ्याला बैल कुठून निघायचे, सगळं. माझ्या जिल्ह्यातला माणूस, माझी बोली, आणि मला यातलं काही माहीत नव्हतं. मी दूर उभी राहून पाण्याचे फोटो काढत होते. विचारायला मलाही आलं असतं, पण सुचलं तिला. याचंच तर पोटात दुखतं.

चौथा दिवस: परीक्षेचा कोअर

या दिवशी प्रत्येक जोडीने एकच कोअर काढायचा होता, सर्वांत लांब पाइपने, आणि मॅडम काठावरून बघणार होत्या.

मी पाण्यात शिरले तेव्हा दात वाजत होते. मैथिलीने वरून पाइप दाबला, शालिकभाऊंनी डोंगा घट्ट धरला. मग ती ओढायला लागली. पाइप इंच इंच वर यायला लागला आणि मी पायाने तळ चाचपत थांबले. सुटला! मी तळहात लावला. अख्ख्या पाइपचं वजन हातावर आलं, गार, जड, आणि आत गाळ गच्च. मी हात सोडला नाही. झाकण बसलं. काठापर्यंत आम्ही तो दोघींनी उभाच्या उभा नेला. इतका भरलेला कोअर त्या चार दिवसांत कुणाचाच निघाला नव्हता, हे मला न मोजताही कळलं.

वरचं झाकण मीच लावलं. मार्कर माझ्या हातात होता. टोपण काढलेलं होतं.

आणि तेवढ्यात मोठी आई डबे घेऊन पाळीवरून खाली उतरली. आम्ही दोघीही चिखलाने माखलेल्या. मोठ्या आईने पदर घेतला आणि मैथिलीचं तोंड पुसायला लागली. "काय माय, किती भरली वं, डोये तरी दिसते का तुले?" आधी तिचं! मी छातीभर पाण्यातून निघालेली, ओठ निळे पडलेले, आणि पदर तिच्या तोंडाला!

"मोठी आई, मीपण आहे इकडे!" मी ओरडले आणि तरातरा तिच्याकडे गेले.

मोठ्या आईने माझंही तोंड पुसलं. खसखसून पुसलं. मी वळले तोवर दुसऱ्या जोडीतल्या दोघांनी आमचा पाइप उचलून ताडपत्रीवर आडवा ठेवला होता, जागा करायला एकदा फिरवलाही होता. दोन्ही टोकांना काळी झाकणं. मार्कर माझ्या मुठीत.

मॅडम आल्या, वाकल्या, पाइपला वळसा घालून पुन्हा वाकल्या.

"बाण?"

मी मार्करची मूठ पाठीमागे नेली.

"आमच्या दोघींची चूक झाली, मॅडम," मैथिली म्हणाली. "मीपण बघायला हवं होतं."

तुम्हाला वाटेल मला बरं वाटलं असेल. छे! माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. जाकीट हिचं, बेट हिचं, मोठी आई हिची झाली, आणि आता चांगुलपणातसुद्धा हीच पुढे? सगळ्यांसमोर माझी चूक अर्धी वाटून घेणार आणि मी मान खाली घालून उपकार घेणार? ते मला सहन होणार नव्हतं.

"दोघींची नाही," मी म्हटलं. "बाण माझ्याकडे होता. मी विसरले. हिचा काही संबंध नाही."

खरं बोलले, पण निव्वळ जळून बोलले. नंतर कुणी कुणी माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं म्हणून हे इथे नोंदवून ठेवते.

"मॅडम, कापून बघितला तर थरांवरून ओळखता येईल कदाचित," कुणीतरी म्हणालं.

"येईल कदाचित," मॅडम म्हणाल्या. "पण पाइपवर 'कदाचित' लिहून आपण काम करत नाही. हा बाद."

संध्याकाळी ओसरीवर त्यांनी मैथिलीचं नाव सांगितलं. मग मला बाजूला बोलावलं. "पाण्यात तुझ्यासारखं कुणी नाही. पण तिथे बाण विसरला तर परत जाऊन दुसरा काढता येत नाही." बस, एवढंच. मी "हो मॅडम" म्हटलं आणि परसात जाऊन रडले. हुंदके देऊन रडले, उगाच मोठेपणा कशाला सांगू?

मोठी आई मागून आली.

"जाऊ दे न वं. तितल्या बर्फात कायले मराले जातं? तो पाइप आता फेकाचा हाय का तुमाले?"

"बाद झाला तो."

"मंग मले दे. वांग्याले टाकतो."

"मोठी आई, त्यातलं वर कुठलं, खाली कुठलं, कुणालाच माहीत नाही."

"वांग्याले काय कराचं हाय त्याचं?" ती म्हणाली, आणि आम्ही दोघींनी मिळून तो परीक्षेचा गाळ परसातल्या वाफ्यात ओतला.

निघताना आणखी एक झालं. मैथिलीने ते लाल जाकीट काढलं आणि मोठ्या आईच्या खांद्यांवर घातलं. "ठेवा तुम्हाला. मला जहाजावर नवीन मिळेल." दोन वर्षं ज्या जाकिटावर माझा डोळा होता ते माझ्याच घरात राहिलं, आणि तरी माझं झालं नाही. परतीच्या गाडीत ती खिडकीपाशी गाढ झोपली. मी जागी होते.

पुण्यात परत

या सहलीला तुम्ही जावं का? जरूर जा. कापणीच्या दिवसांत जा, वरठीला पोटभर खा, तळ्याकाठी एक सकाळ घालवा, गोसीखुर्दला पाण्याकडे बघत बसलेल्या माणसाशेजारी बसा आणि विचारा. हे शेवटचं मी शिकले, कुणाकडून ते आता सांगत नाही.

जानेवारीत मैथिली समुद्रात पोचली. तिच्या जहाजाचे कोअर पुढे आमच्याच शीतगृहात येणार आहेत आणि ते कापायचं, वाचायचं काम माझ्याकडे आहे. सगळे म्हणतात, हेसुद्धा मोठंच काम आहे. आहेच. पण मला जहाज हवं होतं, आणि ते आता मिळणार नाही. यावर दुसरं काही गोड लिहायला मला सुचत नाही.

एक दिवस तिचा फोटो आला. मागे हिमनग, पुढे ती, नवं जाकीट निळं, हातात पहिला कोअर. मी हिमनग पाहिलाच नाही. फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, आणि पाइप तपासला. खोटं कशाला बोलू, आशा होती मला. बाण होता. जाड, ठसठशीत, वरच्या टोकाकडे.

त्याच आठवड्यात कोंढ्याचे एक शेजारी पुण्याला लेकीकडे आले, त्यांच्यासोबत मोठ्या आईने पिशवीभर वांगी पाठवली. आमच्या गाळातली. अशी तुकतुकीत आणि एवढी मोठी, की भाजायला गॅसवर एक एकच मावत होतं. मी भरीत केलं. हिरवी मिरची, कांद्याची पात, वरून कच्चं तेल. पहिल्या घासालाच कोंढा आठवला. ताटाचा फोटो काढून मी मैथिलीला धाडला. जळवायलाच धाडला.

तिकडचं इंटरनेट मुंगीच्या पावलांनी चालतं. दोन दिवसांनी उत्तर आलं. "इथे रोज डब्यातले वाटाणे. हे त्याच वाफ्यातलं वांगं ना? दुष्ट आहेस. मला तुझा खरंच खूप हेवा वाटतोय."

मी तो मेसेज पुन्हा पुन्हा वाचला. मोठ्याने वाचला. मग राहवेना म्हणून मोठ्या आईला व्हिडिओ कॉल लावला. ती परसात होती, अंगात लाल जाकीट. तिलाही वाचून दाखवला, 'हेवा' या शब्दावर जरा जोर देऊन.

मोठी आई कळवळली.

"वाटाने खाऊन राहिली का माय ती लेकरू? अवं, मंग चार वांगे तिले धाड न!"

मी फोन ठेवला आणि दुसरं वांगं गॅसवर चढवलं.